फ्लॅट फ्रेमचे दोषनिवारण

फ्लॅट फ्रेम म्हणजे दुर्बीण आणि कॅमेरा यांची जोडणी न हलवता, एकसारख्या उजळलेल्या पृष्ठभागाचे घेतलेले छायाचित्र. कडांना कमी पडणारा प्रकाश, काचांवरची धूळ आणि पिक्सेलांच्या संवेदनक्षमतेतला फरक त्यात उमटतो. आकाशाच्या छायाचित्रातल्या प्रत्येक पिक्सेलच्या आकड्याला या फ्रेममधल्या त्याच पिक्सेलच्या आकड्याने भागले की हे दोष निघून जायला हवेत. ते गेले नाहीत किंवा उलटे झाले, तर कारण शोधावे लागते.

मुंबईच्या उजळ आकाशाखाली फ्लॅटमधली चूक जास्त नडते. समजा, शहरातल्या गच्चीवरून पार्श्वभूमीचा उजेड २००० एकक भरला आणि तेजोमेघाचा (अवकाशातल्या वायू-धुळीच्या अंधुक ढगाचा) जेमतेम २०. फ्लॅटमध्ये २ टक्के चूक राहिली, तर ती ४० एककांची होते, म्हणजे तेजोमेघाच्या दुप्पट. काळोख्या गावात तीच चूक डोळ्यांना दिसणारही नाही.

पहिला संशय वजाबाकीवर घ्यावा. सेन्सर प्रत्येक पिक्सेलच्या आकड्यात ऑफसेट नावाची ठरावीक भर घालतो. भागाकारापूर्वी ती दोन्हीकडून वजा झाली पाहिजे. फ्लॅटमध्ये राहून गेली तर दुरुस्ती अपुरी पडते, कडा काळपट राहतात. आकाशाच्या छायाचित्रात राहिली तर कडा मध्यापेक्षा उजळ होतात. म्हणून फ्लॅटइतक्याच एक्सपोजरचे (प्रकाश घेण्याच्या वेळेचे), त्याच गेनचे (संकेत वाढवण्याच्या प्रमाणाचे) आणि ऑफसेटचे डार्क, म्हणजे झाकण लावून घेतलेली काळी छायाचित्रे, वेगळे घ्यावेत आणि ते फ्लॅटमधून वजा करावेत. बहुतेक तक्रारी इथेच मिटतात.

धुळीच्या वर्तुळांचे गणित सोपे आहे. कणाचे सेन्सरपासूनचे अंतर भागिले एफ-गुणोत्तर (दुर्बिणीचे नाभीय अंतर भागिले तिचा व्यास), एवढी सावली रुंद. एफ/५ दुर्बिणीत २० मिमीवरच्या फिल्टरवरील कणाची सावली ४ मिमी आणि पुसट. सेन्सरपुढच्या १ मिमीवरच्या काचेवरील कणाची ०.२ मिमी आणि गडद. दुरुस्तीनंतर वर्तुळाची एक बाजू उजळ व दुसरी काळी दिसली, तर कण किंवा कॅमेरा मधल्या वेळात सरकला आहे. काळोख्या आकाशासाठी मुंबईबाहेर वांगणी-नेरळकडे जाऊन पहाटेच्या लोकलने परतणाऱ्यांनी हे विशेष जपावे: दुर्बीण आणि कॅमेऱ्याची जोडणी सोडण्याआधी तिथेच फ्लॅट घ्यावेत. घरी पुन्हा जोडलेला कॅमेरा नेमका त्याच कोनात बसत नाही.

फ्लॅटसाठी एकसारखा उजळ पृष्ठभाग म्हणून एलईडी पॅनल वापरताना एक्सपोजर फार लहान नको. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि चित्रावर पट्टे येतात. पॅनल मंद करून किंवा वर कागद ठेवून एक्सपोजर सेकंदाच्या पुढे न्यावे. हिस्टोग्रामचे (कोणत्या उजेडाचे किती पिक्सेल आहेत हे दाखवणाऱ्या आलेखाचे) शिखर साधारण मध्यावर असावे, उजवीकडे कापले जाऊ नये. पॅनल एकसारखे उजळते का, हे तपासायला ते ९० अंशांत फिरवून दुसरा संच घ्यावा आणि एकाला दुसऱ्याने भागावे. उतार दिसला तर दोष पॅनलचा. संधिप्रकाशातले फ्लॅट उत्तम, पण १९ अंश अक्षांशावर संधिप्रकाश लवकर ओसरतो आणि पावसाळी ढगांत आकाश एकसारखे मिळत नाही.

शहराच्या एका बाजूने चढत जाणारा उजेड फ्लॅटने कधीच जात नाही. तो आकाशाच्या प्रकाशात मिसळलेला असतो, त्यामुळे तो वजाबाकीने, नंतरच्या प्रक्रियेत काढावा लागतो. शेजारच्या इमारतीचा दिवा तिरका नळीत शिरत असेल, तर नळीला लांब काळे आवरण लावणे हाच उपाय. तो प्रकाश फ्लॅटमध्ये नसतोच.