मिखेल्स, रिनुस

मिखेल्स, रिनुस : (९ फेब्रुवारी १९२८ – ३ मार्च २००५). डच फुटबॉलपटू व प्रशिक्षक. पूर्ण नाव मारिनुस याकोबुस हेंड्रिकुस मिखेल्स. जन्म ॲम्स्टरडॅम येथे. ‘टोटल फुटबॉल’ (खेळाडू सामन्यादरम्यान गरजेनुसार एकमेकांच्या जागा घेतात अशी पद्धत) या खेळपद्धतीचे जनक म्हणून त्यांचा सर्वत्र उल्लेख होतो. हे श्रेय त्यांचे एकट्याचे किती, याविषयी मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत.

खेळाडू म्हणून मिखेल्स १९४६ ते १९५८ या काळात केवळ ॲम्स्टरडॅमच्या आयाक्स या क्लबकडून खेळले. एडीओ या हेगच्या क्लबविरुद्धच्या पदार्पणात त्यांनी ५ गोल केले व आयाक्सने सामना ८–३ असा जिंकला. उंचापुरा बांधा व डोक्याने गोल मारण्याचे कसब हे या आघाडीवीराचे भांडवल. नाजूक कौशल्याबद्दल त्यांची ख्याती नव्हती. १९४७ व १९५७ च्या लीग विजेत्या संघांत ते होते. राष्ट्रीय संघाकडून ते ५ सामने खेळले. पाठीच्या दुखापतीमुळे निवृत्त झाल्यावर त्यांनी शारीरिक शिक्षणाचे शिक्षक म्हणून काम केले आणि ॲम्स्टरडॅममधील हौशी संघांना प्रशिक्षण दिले.

जानेवारी १९६५ मध्ये इंग्लिश प्रशिक्षक व्हिक बकिंगहॅम यांच्या जागी ते आयाक्सकडे आले, तेव्हा संघावर खालच्या श्रेणीत घसरण्याचे सावट होते. त्यांनी पुढच्याच मोसमात लीग जिंकली. १९६७, १९६८ व १९७० मध्ये तेच यश मिळाले. खेळाडूंनी अन्य नोकऱ्या सोडून पूर्णवेळ व्यावसायिक व्हावे, हा त्यांचा आग्रह या प्रगतीच्या मुळाशी होता. डिसेंबर १९६६ मध्ये दाट धुक्यात आयाक्सने लिव्हरपूलला ५–१ असे हरवले. १९६९ च्या युरोपियन चषकाच्या (युरोपातील विजेत्या क्लबांच्या स्पर्धेच्या) अंतिम सामन्यात मिलानकडून १–४ असा पराभव झाला; १९७१ मध्ये वेंब्ली येथे पानाथिनाइकोसला २–० ने नमवून चषक मिळाला.

‘टोटल फुटबॉल’च्या उगमाविषयी ढोबळमानाने तीन मते आढळतात. पहिल्या मतानुसार तिचे बीज जॅक रेनॉल्ड्स यांच्या कारकिर्दीत आहे. हे इंग्लिश प्रशिक्षक १९१५ पासून, मधले काही खंड वगळता, १९४७ पर्यंत आयाक्समध्ये होते आणि मिखेल्स त्यांच्या हाताखाली खेळले. दुसरे मत १९५३ मध्ये वेंब्लीवर इंग्लंडचा ६–३ असा पराभव करणाऱ्या हंगेरीकडे व त्याआधीच्या ऑस्ट्रियन संघाकडे बोट दाखवते. तिसरे मत मैदानावरील सूत्रे हलवणाऱ्या आयाक्सच्या योहान क्रायफ या खेळाडूला अधिक महत्त्व देते. क्रायफला पहिल्या संघात आणले ते बकिंगहॅम यांनी, नोव्हेंबर १९६४ मध्ये. समुद्र हटवून जमीन मिळवणाऱ्या देशाला जागेचे भान उपजतच असते, असेही एक स्पष्टीकरण दिले जाते. ते आकर्षक असले तरी पुराव्याने सिद्ध होण्याजोगे नाही. साधारणतः १९६५ ते १९७१ या काळात पद्धत टप्प्याटप्प्याने आकाराला आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. युगोस्लाव्ह बचावपटू वेलिबोर वासोविच १९६६ मध्ये आल्यावर बचावफळी पुढे सरकली. १९७० च्या सुमारास मिखेल्सनी ४–२–४ ही रचना (अनुक्रमे बचावपटू, मधल्या फळीतील खेळाडू व आघाडीवीर यांची संख्या) सोडून ४–३–३ स्वीकारली. त्यामागे प्रशिक्षक एर्न्स्ट हापेल यांच्या फायेनूर्ड या रॉटरडॅमच्या संघाशी झालेल्या लढतींचा अनुभव होता. जागांची अदलाबदल हा पद्धतीचा सर्वाधिक चर्चिला गेलेला भाग असला, तरी तिचा कणा प्रतिस्पर्ध्याच्याच अर्ध्या मैदानात चेंडू हिसकावणे आणि ऑफसाइडचा सापळा (बचावफळी एकदम पुढे सरकवून मागे राहिलेल्या प्रतिस्पर्धी आघाडीवीराला नियमबाह्य जागी पकडणे) हा होता. त्या वेळच्या नियमानुसार बचावपटूच्या समरेषेतील आघाडीवीरही ऑफसाइड ठरे, त्यामुळे पुढे सरकलेल्या बचावाला नियमाचे पाठबळ होते. मिखेल्स गेल्यावर श्टेफान कोवाच यांच्या प्रशिक्षणाखाली आयाक्सने १९७२ व १९७३ मध्ये युरोपियन चषक जिंकला. कोवाच यांनी दिलेल्या मोकळिकीमुळे पद्धत पूर्णत्वास गेली असे काही जण मानतात. पाया मात्र आधीचाच होता.

आयाक्सनंतर बार्सिलोना या स्पॅनिश क्लबला मिखेल्सनी १९७४ मध्ये लीग जिंकून दिली. फेब्रुवारीत रेआल माद्रिदच्या मैदानावर ५–० असा विजय मिळाला. त्याच वर्षी विश्वचषकात त्यांच्या प्रशिक्षणाखाली नेदरलँड्सने अर्जेंटिनाला ४–० व ब्राझीलला २–० असे हरवले. म्युनिकच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीच्या खेळाडूचा चेंडूला स्पर्श होण्याआधीच डच संघाला पेनल्टी मिळाली, तरी सामना १–२ असा गमावला. नंतर पुन्हा आयाक्स, पुन्हा बार्सिलोना (१९७८ चा स्पॅनिश चषक), लॉस एंजेलिस ॲझ्टेक्स व कोलोन (१९८३ चा जर्मन चषक) असा प्रवास झाला.

१९८८ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत मिखेल्स यांचा नेदरलँड्स संघ पहिला सामना सोव्हिएत संघाकडून हरला. उपांत्य सामन्यात हॅम्बुर्ग येथे त्याने पश्चिम जर्मनीला २–१ आणि म्युनिक येथे अंतिम सामन्यात सोव्हिएत संघालाच २–० असे हरवले. गोल खुलित व व्हान बास्तेन यांचे. नेदरलँड्सच्या पुरुष संघाचे हे पहिले मोठे विजेतेपद. या संघाची रचना ४–४–२ च्या जवळ जाणारी होती, त्यामुळे १९७४ च्या खेळाची ती थेट पुनरावृत्ती मानता येत नाही. लेव्हरकुझेन या जर्मन क्लबमधील अल्प कारकिर्दीनंतर ते पुन्हा राष्ट्रीय संघाकडे आले. १९९२ च्या युरोपीय स्पर्धेत उपांत्य सामन्यात डेन्मार्ककडून पेनल्टींवर पराभव झाल्यावर त्यांनी प्रशिक्षणातून निवृत्ती घेतली. १९९९ मध्ये फिफाने त्यांना शतकातील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून गौरवले. बेल्जियममधील आल्स्ट येथे त्यांचे निधन झाले.