ग्रेशस, लाल टोपी आणि मुंबईतलं आलटून-पालटून

व्हॅलेरियन ग्रेशस म्हटलं की भारताचे पहिले कार्डिनल, म्हणजे लाल टोपी घालणारे, पोपच्या खालोखालच्या मानाचे धर्मगुरू, 1953, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. मान मोठाच, पण माझ्या मते खरा निकाल 1950 मध्येच लागला होता, आणि तो कळायला मुंबईत दोन बिशपांचं राज्य कसं चालायचं ते आधी बघावं लागतं.

पूर्वेकडच्या चर्चवरचे हक्क पोर्तुगालच्या राजाला पोपनेच दिलेले, बिशप तो सुचवणार आणि खर्चही तोच करणार, हाच तो पाद्रोआदो. मुंबई इंग्रजांकडे गेली तरी हा हक्क काही सुटला नाही. 1720 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने पोर्तुगीज पाद्री काढले आणि चर्च रोमने नेमलेल्या कार्मेलाइट पंथाच्या पाद्र्यांना दिली, मग पुन्हा ओढाताण, शेवटी 1794 मध्ये सरळ वाटणीच झाली. दादरचं पोर्तुगीज चर्च पाद्रोआदोकडे, भुलेश्वरचं रोमच्या बाजूला. 1853 मध्ये माहीमच्या सेंट मायकलवरून तर एवढं पेटलं की रोमच्या बाजूचा बिशप चर्चमध्ये दार लावून आत बसला, बाहेर लोकांचा वेढा, आणि शेवटी चर्च गेलं ते पाद्रोआदोकडेच. प्रार्थना तीच, पोप तोच, पण शेजारी दुसऱ्या बिशपचा!

1886 च्या रोम-पोर्तुगाल करारात पाद्रोआदोवाल्यांसाठी दमणचा बिशप आला, साष्टी-वसई त्याच्याकडे गेली. 1928 मध्ये दमणचा हा भाग मुंबईत विलीन केला आणि ठरलं काय, तर आर्चबिशप, म्हणजे मुंबईचा मुख्य बिशप, एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश, आलटून पालटून. म्हणजे ज्यांची चर्च त्यांचा नंबर कधी लागणारच नाही. हा करार सोयीचा होता असं आजही कोणी म्हणतं, भांडण मिटलं हे खरंही आहे, पण इथल्या माणसावर तो अन्यायच होता.

पाळीप्रमाणे 1937 मध्ये थॉमस रॉबर्ट्स हा इंग्रज, जेझुइट पंथाचा पाद्री, आर्चबिशप म्हणून आला. त्याला दिसत होतं की आपल्यानंतर पुन्हा पोर्तुगीज येणार, आणि तेही स्वातंत्र्याच्या तोंडावर. 1946 मध्ये ग्रेशस सहायक बिशप झाले, इंग्रज आर्चबिशप मुंबईबाहेरच राहिला आणि कारभार त्यांच्याकडे आला. चार वर्षं हे असंच चाललं. जुलै 1950 मध्ये पोर्तुगालने करारातला हक्क सोडला, डिसेंबरमध्ये रॉबर्ट्सचा राजीनामा मंजूर झाला आणि ग्रेशस आर्चबिशप झाले. स्वतःहून खुर्ची सोडणाऱ्या त्या इंग्रजाचं नाव आज फारसं कोणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं.

ग्रेशस स्वतः 1900 मध्ये कराचीत जन्मलेले, आईवडील गोव्याचे. कराची तेव्हा मुंबईच्याच आर्चडायोसिसमध्ये, म्हणजे आर्चबिशपच्या हद्दीत, होती. 1926 मध्ये ते पाद्री झाले, रोमला शिकले, नंतर कुलाब्याच्या होली नेम चर्चचे रेक्टर झाले. गोवेकर वरच्या जागेवर बसला की ईस्ट इंडियन मंडळींत, म्हणजे मुंबई-साष्टी-वसईच्या मूळ ख्रिश्चनांत, कुजबुज व्हायची, ती जुनीच, रेल्वे-गिरणीच्या काळात गोवेकर मोठ्या संख्येने आले तेव्हापासूनची.

पुढचं सगळं मग झपाट्याने झालं. बिशप परिषदेचं अध्यक्षपद बरीच वर्षं, जगभरच्या बिशपांच्या व्हॅटिकन परिषदेत हजेरी, आणि 1964 ची युकॅरिस्टिक काँग्रेस, म्हणजे कॅथलिकांचा जागतिक मेळावा, मुंबईच्या ओव्हल मैदानावर, जिच्यासाठी पोप पहिल्यांदाच भारतात आले. 1966 ला पद्मविभूषण. मधे गोव्याचा प्रश्न पेटला होता, 1955 मध्ये नेहरू रोमला पोपना भेटलेही, आणि गोवेकर वंशाचा कार्डिनल तेव्हा मुंबईत असणं ही साधी गोष्ट नव्हती, पाळी पोर्तुगालची असती तर काय झालं असतं विचार करा.

ऑगस्ट 1978 मध्ये पोपच्या निवडणुकीला ते आजारपणामुळे जाऊ शकले नाहीत, 11 सप्टेंबरला गेले. त्यांच्या जागी आले ते मरोळचे ईस्ट इंडियन सायमन पिमेंटा, आणि 1988 मध्ये तेही कार्डिनल झाले.