मिस्टरांच्या नावे आयकराची नोटीस आणि तुमच्या हातातला पीएफ

नाशिकच्या सिडकोतल्या एका ताईंनी पर्समधून कर भरल्याच्या चलनाची चौघडी काढून टेबलावर ठेवली. मिस्टर गेले, तीन महिन्यांनी त्यांच्या नावे आयकराची नोटीस आली, आणि ताईंनी आलेल्या पीएफमधून सगळी रक्कम भरून टाकली. मिस्टरांच्या नावावर दुसरं काहीच नव्हतं. भरायची गरजच नव्हती!

थकलेला कर वारसाने भरायचा असतो, पण मृताच्या मालमत्तेच्या किमतीपुरताच. तुमचा पगार, तुमचं स्त्रीधन त्यात येत नाही. नॉमिनी म्हणून मिळालेला पीएफही मृताच्या देण्यांपासून मुक्त असतो. मात्र कर बाकी असताना त्यांचा प्लॉट विकलात, तर तेवढ्या किमतीपुरती जबाबदारी तुमच्या अंगावर येते. आधी कराचा हिशेब, मग विक्री. नोटीस कपाटात ठेवू नका. मृत्यूचा दाखला जोडून मुदतीत उत्तर द्या.

उत्तर आणि रिटर्न दोन्हीसाठी आयकर पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनमधून वारस म्हणून नोंदणी लागते. दोघांचे पॅन आणि मृत्यूचा दाखला सहज मिळतात. अर्ज अडकतो तो वारसाच्या पुराव्यावर. लोक तलाठ्याकडची सातबाऱ्यावरची वारस नोंद घेऊन येतात. ती जमिनीपुरती असते. इथे महसूल अधिकाऱ्याने दिलेला हयात कुटुंबीयांचा दाखला, कोर्टाचं वारस प्रमाणपत्र किंवा नोंदणीकृत मृत्युपत्र लागतं. मिस्टर सरकारी नोकरीत असतील तर कौटुंबिक पेन्शनचं प्रमाणपत्र चालतं, मग सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात खेटे घालायला नकोत. हे एका कागदावर लिहून कचेरीच्या खिडकीबाहेर लावायला कितीसा वेळ लागतो? तरी बायकांना तीन-तीन वेळा परत पाठवतात. मृत्यूच्या दाखल्यावर आणि पॅनवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे आधी बघा.

रिटर्नची मुदत वर्षश्राद्धापर्यंत असते, हा समज चुकीचा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये निधन झालं असेल, तर १ एप्रिलपासून त्या दिवसापर्यंतच्या उत्पन्नाचा रिटर्न, पगारदार असल्यास, ३१ जुलै २०२६ पर्यंत भरायचा. नंतरचं एफडीचं व्याज त्यांच्या रिटर्नमध्ये धरायचं नाही.

पीएफसाठी फॉर्म २०, विधवा पेन्शनसाठी १०डी. तिसरा, ५आयएफ, सातपूर-अंबडच्या कामगारांच्या घरी बहुतेकांना माहीतच नसतो. नोकरीत असताना निधन झालं तर त्यावर ७ लाखांपर्यंत विमा मिळतो. तिन्ही एकदमच मागा. लग्नाआधी सासूबाईंच्या नावे केलेलं नॉमिनेशन लग्नानंतर रद्द ठरतं. ते दाखवून कोणी परत पाठवलं तर गप्प बसू नका, लेखी कारण मागा.

महिन्याची पेन्शन मात्र तुमचं उत्पन्न. नव्या करप्रणालीत तिच्यातून एक तृतीयांश किंवा २५,००० रुपये, जे कमी असेल ते, वजा होतं.

आणि कराचा रिफंड खात्यात पडेपर्यंत मिस्टरांचं पॅन रद्द करायला देऊ नका.