वळणावरचा ४० आणि उंच व्हॅन

वळणाच्या आधी त्रिकोणी पाटी येते, आत वाकडा बाण, खाली ४०. गोल पाट्या बहुतेक देशांत हुकूम देतात. त्रिकोणी पाट्या (काही देशांत टोकावर उभा केलेला पिवळा चौकोन) फक्त सावध करतात. त्यामुळे हा ४० अनेकजण मनावर घेत नाहीत. छोट्या मोटारीत ते बऱ्याचदा खपूनही जातं, कारण आकडा मुळात मोटारीच्याच हिशेबाने ठरलेला असतो.

तो ठरवायची एक जुनी पद्धत अजून वापरात आहे. द्रव भरलेली वाकडी नळी मोटारीत बसवतात, आत पोलादी गोळी असते. वळणावर गोळी किती अंश बाजूला सरकते ते बघतात आणि बसलेल्या माणसाला अवघडल्यासारखं होणार नाही असा वेग पाटीवर येतो. मागे टपापर्यंत रचलेल्या खोक्यांचं काय होईल, हे त्या गोळीला कळत नाही.

वळणाची त्रिज्या ६० मीटर आणि रस्ता सपाट धरू. ताशी ४० किलोमीटरला बाहेरची ओढ गाडीच्या वजनाच्या साधारण २१ टक्के असते. ६० ला ती ४७ टक्के होते. वेग दीडपट, ओढ सव्वादोनपट. दोन्ही बाजूंच्या चाकांत १.७ मीटर अंतर आणि भरलेल्या व्हॅनचा गुरुत्वमध्य एक मीटरवर असेल, तर उलटायला कागदावर ८५ टक्के ओढ लागते. म्हणजे पुष्कळ जागा शिल्लक आहे असं वाटतं. पण स्प्रिंगा आणि टायर दबून गाडी कलते, आणि गुळगुळीत फळीवरची न बांधलेली खोकी ३०-४० टक्के ओढीलाच सरकू लागतात. ती धाडकन बाजूच्या पत्र्यावर आदळतात, चालक दचकून स्टिअरिंग उलटं फिरवतो आणि खरा घोटाळा तिथे होतो. ओल्या रस्त्यावर तर टायरची पकडच ४० टक्क्यांपर्यंत उतरू शकते. तेव्हा जड माल खाली, पट्ट्याने आवळलेला. आणि वेग वळणाच्या आधीच पाटीच्या आकड्याखाली आणलेला. वळणाच्या मध्यावर कचकन ब्रेक दाबू नये.

उताराच्या पाटीवर १० टक्के म्हणजे दर १०० मीटरला १० मीटर खाली. साडेतीन टनांची व्हॅन त्यावर ताशी ६० ने सोडली की गुरुत्वाकर्षण सुमारे ५७ किलोवॅट पुरवतं. हवा आणि टायर मिळून त्यातले दहाएक खातात. उरलेले ४५ च्या आसपास, म्हणजे दोन किलोवॅटचे बावीस-तेवीस गीझर एकदम चालू! ही सगळी उष्णता ब्रेकच्या चकत्यांत ओतली, तर आधी जळका वास येतो, मग पॅडची पकड सुटते. डॉट ४ ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्या जुन्या तेलाची हमी १५५ अंशांचीच. तेल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दबते, दाब पुढे जात नाही, आणि पेडल तळाला टेकतं.

यावर उपाय इंजिनाचाच. पाटी दिसताच, उतार लागण्यापूर्वी, गिअर खाली टाकावा, दुसरा किंवा तिसरा. वेग तरीही चढू लागला तर ब्रेक ठाम दाबून १० किलोमीटरने खाली आणावा आणि पाय पूर्ण उचलावा. सतत हलका पाय ठेवणं सर्वांत वाईट, कारण चकत्यांना निवायला उसंतच मिळत नाही. न्यूट्रल करून डिझेल वाचवायची हौस इथे नको.

वाऱ्याची पाटी मात्र उलट्या तऱ्हेची. तिच्यावर कापडी पिशवी फुगलेली दिसते. इथे भरलेली व्हॅन बरी, रिकामी वाईट. व्हॅनच्या १३ चौरस मीटरच्या कुशीवर ताशी ६० किलोमीटरचा आडवा वारा सुमारे दोन हजार न्यूटनचा, म्हणजे दोनशे किलोचा रेटा देतो. पुलावर चढताना, डोंगराची आड संपताना आणि ट्रकला ओलांडून पुढे निघताना तो अचानक लागतो. आधीच वेग उतरवावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर असावेत.

अरुंद रस्त्याची पाटी दिसली की मागचं चाक आठवावं. पुढच्या-मागच्या चाकांत चार मीटर अंतर असेल, तर १० मीटर त्रिज्येच्या वळणात मागचं चाक पुढच्यापेक्षा ८० सेंटिमीटरहून जास्त आत कापतं. अडीच मीटरवाल्या मोटारीत हेच ३२ सेंटिमीटर.

आणि उंची. टपावरचा कॅरिअर, त्यावरची शिडी धरून मोजावी आणि आकडा डॅशबोर्डवर चिकटवावा. मोजायची ती रिकामी गाडी, कारण माल उतरला की स्प्रिंगा मोकळ्या होतात आणि टप काही सेंटिमीटर वर येतो. सकाळी भरलेली असताना ज्या कमानीखालून निसटली, त्याच कमानीला संध्याकाळी रिकामी व्हॅन घासते.