मनगट, बर्फ आणि बारा आठवडे

पुण्यातल्या कुठल्याही अस्थिरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात मनगट मोडून आलेले रुग्ण साधारण तीन प्रकारचे असतात. न्हाणीघरात पाय घसरलेल्या आजी, जूनच्या पहिल्या पावसात दुचाकीसकट आडवे झालेले तरुण आणि झोक्यावरून पडलेली मुले. गेल्या हिवाळ्यात माझ्या भाच्याने यात चौथ्या प्रकाराची भर घातली. कझाकस्तानातल्या अल्माटी शहराच्या वर, डोंगरात, शिंबुलाक नावाचे बर्फाच्या खेळांचे केंद्र आहे. भारतीय पारपत्रधारकांना तिथे १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या तरुणांच्या सहलींत हे नाव आता वारंवार ऐकू येते. भाचा तिथे चार मित्रांबरोबर स्नोबोर्डिंग शिकायला गेला आणि दुसऱ्याच दिवशी, उतार संपून जवळपास सपाट झालेल्या जागेवर, अगदी सावकाश जात असताना पडला.

दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या माणसाला पायांच्या ताकदीची खात्री असते आणि ती चुकीची नसते. पण गड चढताना मांडीचे स्नायू आखडत शरीर वर उचलतात, तर बर्फावर गुडघे वाकवून तेच स्नायू भाराखाली लांब होत, ब्रेक दाबून धरल्यासारखे काम करतात. ही सवय वेगळी आहे आणि ती नसली की पाय दुपारच्या आतच थकतात. त्यातून स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला आडवे बांधलेले असतात. स्कीइंगमध्ये पायाला दोन स्वतंत्र पट्ट्या असतात आणि ठरावीक जोराचा पीळ बसला की बूट त्यांतून सुटतो, तशी सोय इथे नाही. १९६५ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून जे खेळणे बनवले, तिथपासून १९९८ साली नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रवेश होईपर्यंत साधने खूप सुधारली, पण पाय फळीला जखडलेलेच राहिले. पडताना एक पाय पुढे टाकून सावरण्याचा मार्ग बंद असल्यामुळे उरतात ते हात. म्हणूनच स्की करणाऱ्यांचे गुडघे जायबंदी होतात आणि स्नोबोर्डवाल्यांची, त्यातही नवशिक्यांची, मनगटे.

सावकाश जात असतानाही माणूस एवढा जोरात का आदळतो, हे समजून घेण्यासारखे आहे. स्नोबोर्ड नेहमी कुठल्या तरी एका कडेवर किंचित कलता ठेवून चालवायचा असतो. शिकाऊ माणूस सपाट जागा आली की सैलावतो, फळीचा तळ बर्फावर पूर्ण टेकतो आणि पुढच्याच क्षणी उताराकडची कड बर्फात रुतते. फळी जागच्या जागी थांबते, वरचे शरीर मात्र आपल्या वेगाने पुढे जात राहते आणि फळीच्या कडेवर बिजागरीसारखे फिरून खाली येते. चेहरा उताराच्या वरच्या बाजूला असेल तर माणूस उताणा पडतो, खालच्या बाजूला असेल तर पालथा. उभ्या माणसाच्या शरीराचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीवर असतो. एवढ्या उंचीवरून नुसती सोडून दिलेली वस्तू अर्ध्या सेकंदाच्या आत खाली पोहोचते आणि आदळताना तिचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर असतो. फळीचा वेग शून्याजवळ असला तरी ७० किलो वजन या वेगाने दोन तळव्यांवर येणार, हे ठरलेलेच असते.

हात पुढे करायचा निर्णय आपण घेत नाही. तो प्रतिक्षिप्तपणे पुढे येतो आणि बहुतेक वेळा डोके व चेहरा वाचवतो, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र तळवा टेकताना मनगट मागे मुडपलेले असते आणि सगळा भार अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या, म्हणजे रेडियसच्या, टोकाला बसतो. हे टोक आतून स्पंजासारखे जाळीदार असते. हाड दाब बऱ्यापैकी सोसते, ताण तितका सोसत नाही. मुडपलेल्या मनगटात तळव्याच्या बाजूला ताण पडतो, तिथे पहिली भेग जाते आणि पाठीमागची बाजू चुरडते. तुटलेला भाग मागे सरकला की बाजूने पाहिल्यावर हात पालथ्या ठेवलेल्या जेवणाच्या काट्यासारखा दिसतो. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी या अस्थिभंगाचे वर्णन १८१४ साली प्रसिद्ध केले. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ साली. म्हणजे ८१ वर्षे आधी, निव्वळ बोटांनी चाचपून आणि डोळ्यांनी पाहून, त्यांनी हे नेमके ओळखले होते.

भाच्याच्या मित्रांचे निदान मात्र वेगळे होते. ‘बोटे हलतायत ना, मग हाड शाबूत आहे, मुका मार असेल,’ असे म्हणून त्यांनी त्याला कॉफी पाजली. हा समज आपल्याकडे घरोघरी आहे आणि तो पूर्ण चुकीचा आहे. बोटे हलवणारे मुख्य स्नायू मनगटात नसून कोपराखाली, पुढल्या हातात असतात आणि त्यांच्या दोऱ्या मनगटावरून बोटांपर्यंत जातात. खालचे हाड मोडले तरी दोऱ्या ओढल्या जातात आणि बोटे हलतात. याच पडण्यात मोडणारे आणखी एक हाड त्याहून फसवे असते. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी एक खळगी दिसते. तपकीर ओढणारे चिमूट त्या खळगीत ठेवत, म्हणून शरीररचनाशास्त्रात तिला तपकिरीच्या डबीचेच नाव मिळाले आहे. तिच्या तळाशी काजूच्या आकाराचे स्कॅफॉइड नावाचे हाड असते. त्याला बहुतांश रक्त बोटांकडच्या टोकाने मिळते आणि तिथून ते उलट, कोपराच्या दिशेने वाहते. हाड मधोमध तुटले तर कोपराकडच्या तुकड्याचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो आणि तो तुकडा मृत होऊ शकतो. पहिल्या एक्स-रेमध्ये ही भेग पुष्कळदा दिसत नाही. म्हणून त्या खळगीत दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे चांगला असला तरी मनगट बांधून ठेवतात आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासतात. घोट्याच्या बाबतीतही असेच घडते. स्नोबोर्डवाल्यांमध्ये घोट्यातल्या टॅलस नावाच्या हाडाचा बाहेरचा कोपरा तुटतो आणि तो साधा मुरगळलेला पाय म्हणून सुटून जातो.

भाच्याचे रेडियस मोडले होते. त्याला तिथे अर्धे प्लास्टर, म्हणजे एकाच बाजूने आधार देणारी पट्टी, घालून दिली आणि तिसऱ्या दिवशी तो विमानात बसला. पूर्ण गोल प्लास्टरचा आग्रह न धरणे हे शहाणपणाचे होते. ताज्या अस्थिभंगाभोवती सूज वाढत असते आणि तिला पसरायला जागा हवी असते. पहिल्या ४८ तासांत प्रवास करायचा असेल तर गोल प्लास्टर लांबीत चिरून द्यावे, असा विमानप्रवासाचा संकेत आहे तो याचसाठी. विमानाच्या आतला हवेचा दाब सुमारे १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो, म्हणजे ५६० मीटरवरच्या पुण्यापेक्षा बराच कमी. हात हृदयाच्या वर उशीवर ठेवावा आणि बोटे सतत हलवत राहावे. वेदनाशामक घेऊनही दुखणे वाढतच गेले, कोणी बोट हळूच सरळ केले तरी असह्य कळ आली किंवा बोटे बधिर झाली, तर आवरणात कोंडलेल्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटत असल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी पट्टी तातडीने सैल करून घ्यावी आणि डॉक्टर गाठावा, कारण हातात मोजकेच तास असतात. पाय प्लास्टरमध्ये असेल तर पोटरीच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वेगळा, त्याबद्दल उड्डाणाआधीच विचारावे. जाता जाता एक व्यावहारिक गोष्ट सांगतो: प्रवास विम्याच्या बऱ्याच साध्या पॉलिसींत बर्फावरचे खेळ वगळलेले असतात आणि ते कलम फार बारीक अक्षरात असते.

पुण्यात आल्यावर भाच्याचा हात खेचून हाड जागेवर बसवले आणि सहा आठवड्यांचे प्लास्टर घातले. या सहा आठवड्यांत आत काय चालते, हे मला त्याच्याहून अधिक कुतूहलाचे वाटत होते. मोडलेल्या जागी रक्त साकळते आणि त्यातून दाहाची प्रक्रिया सुरू होते. सूज, ऊब, दुखणे ही तिची बाहेरची लक्षणे आणि याच टप्प्यात दुरुस्ती करणाऱ्या पेशींना बोलावणे जाते. दोन-तीन आठवड्यांत भेगेभोवती कूर्चेचा मऊ जोड तयार होतो, पुढे त्यात खनिज भरून कठीण पण ओबडधोबड हाड बनते. खोदलेल्या रस्त्यात खडी आणि मुरूम टाकून वाहतूक सुरू करावी, तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की शरीर नंतर उरलेले काम पुरे करायला खरोखर परत येते. जादा हाड खाणाऱ्या आणि नवे घालणाऱ्या पेशी पुढे महिनोन्महिने, कधी वर्षे, त्या जागेला आकार देत राहतात. हाडाची घडण त्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे बदलते, हे जर्मन शल्यचिकित्सक ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडले होते. त्यामुळे काही काळाने हात वापरणे हाच औषधाचा भाग बनतो. आमच्या घरी या काळात पायाचे सूप, डिंकाचे लाडू आणि कॅल्शियमच्या तीन बाटल्या येऊन दाखल झाल्या. जेवण पुरेसे असलेल्या माणसाचे हाड त्याने लवकर जुळत नाही. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते भरून काढावे, आणि सिगारेट सोडावी, कारण धूम्रपानाने हाड जुळण्याला खरोखरच उशीर होतो.

हाड आपले काम न सांगता करते. हाताचे तसे नाही आणि परदेशातल्या अपघाताच्या गप्पांत हाच भाग गाळला जातो. बांधून ठेवलेला हात झपाट्याने दुबळा होतो, आणि तो केवळ स्नायू रोडावल्यामुळे नव्हे, तर मेंदूकडून त्या स्नायूंना जाणारा हुकूमही क्षीण झाल्यामुळे. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली याबद्दल एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी निरोगी लोकांची मनगटे चार आठवडे कडक आवरणात बांधून ठेवली. त्यांतल्या एका गटाला सांगितले होते, की हात अजिबात न हलवता, आपण मनगट पूर्ण जोराने वाकवत आहोत अशी कल्पना नियमितपणे करायची. चार आठवड्यांनी नुसते बसून राहिलेल्यांची ताकद सुमारे ४५ टक्के घटली होती. कल्पना करणाऱ्यांची घट सुमारे २४ टक्के होती. दुसरी वाट त्याहून जुनी आहे. एका हाताला व्यायाम दिला की स्वस्थ बसलेल्या दुसऱ्या हाताचीही ताकद काही प्रमाणात वाढते, हे येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांनी १८९४ साली दाखवले होते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी भाच्याला दोन्ही सांगितले: डाव्या हाताने चेंडू दाबायचा, आणि उजव्याने ओले पंचे पिळतो आहोत असे डोळे मिटून मनात आणायचे. संगणकावर काम करणाऱ्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा पंचा पिळायला लागला आणि तोही मनातल्या मनात, यावर माझी बहीण दोन दिवस हसत होती.

मनाचा दुसरा भाग हसण्यासारखा नव्हता. शर्टाची बटणे लावायला, भाजीतला बटाटा फोडायला आई लागते, याची त्याला लाज वाटे. पहिले तीन आठवडे झोप लागताना पडण्याचा क्षण पुन्हा येई आणि तो दचकून हात छातीशी घेई. अशा आठवणी सुरुवातीला बहुतेकांना येतात आणि काही आठवड्यांत आपोआप विरतात. महिन्यानंतरही त्या तितक्याच तीव्र राहिल्या तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे, कारण त्यावर चांगले उपचार आहेत. हालचालीची भीती मात्र जास्त चिवट असते. हाड जुळल्याचे एक्स-रे सांगतो, तरी माणूस हात टेकवत नाही. न टेकवल्याने सांधा आखडतो, आखडल्याने दुखतो आणि दुखल्याने भीती खरी वाटू लागते. नुसता धीर देऊन हे चक्र थांबत नाही. आधी भिंतीला तळवा, मग टेबलाला, मग गुडघ्यांवर बसून जमिनीला, अशा चढत्या पायऱ्यांनी मेंदूला पुरावे द्यावे लागतात.

सहा आठवड्यांनी प्लास्टर कापले तेव्हा मी बरोबर होतो. आतून निघालेला हात दुसऱ्या कुणाचा तरी वाटावा असा होता: बारीक, फिकट, कातडीचे पापुद्रे सुटलेला आणि मनगटापाशी लाकडासारखा ताठ. पकड मोजायच्या यंत्रावर डाव्या हाताचा काटा ३८ किलोवर गेला आणि उजव्याचा ९ वर अडला. घरी आल्यावर कोमट पाण्यात हात बुडवून दहा मिनिटे मनगट फिरवायचे, दारातल्या किल्लीसारखा तळवा उलटा-सुलटा करायचा आणि रोज संध्याकाळी कणीक मळायची, असा कार्यक्रम ठरला. कणीक मळताना बोटांची पकड, तळव्यावरचा भार आणि मनगटाचे वाकणे या तिन्ही गोष्टी एकदम होतात आणि जोर किती लावायचा हे ज्याचे त्याला ठरवता येते.

पुन्हा जायचे का, हा प्रश्न त्याने आठव्या आठवड्यातच काढला. मी त्याला नॉर्वेतल्या हाफियेलची एक चाचणी दाखवली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत सुमारे ५,००० स्नोबोर्ड खेळणाऱ्यांपैकी चिठ्ठ्या टाकल्यासारखे निम्म्यांना मनगटाचे संरक्षक पट्टे दिले होते. पट्टे घातलेल्यांत मनगटाच्या ८ दुखापती झाल्या, न घातलेल्यांत २९. भाड्याच्या दुकानात हेल्मेट सहसा मिळते, पट्टे विचारून घ्यावे लागतात, आणि भाच्याने ते विचारले नव्हते. सपाट जागी सैलावू नये आणि पडायचेच झाले तर मूठ मिटून पुढल्या हातावर लोळण घ्यावी, हे प्रशिक्षकाने पहिल्या दिवशी सांगितले होते, असेही आता त्याला आठवले.

बाराव्या आठवड्यात उजव्या हाताचा काटा ३१ वर गेला. कणीक अजूनही तोच मळतो. पोळ्या वातड होतात अशी बहिणीची तक्रार आहे, आणि फिजिओथेरपिस्ट बाईंच्या मते त्याचा दोष मनगटाकडे जात नाही, कणकेला पाणी कमी पडते.