परदेशी मालक आणि इथली जमीन : वखारीपासून युनिटपर्यंत

लंडनमध्ये राहणाऱ्या एखाद्या इंग्रज माणसाला आज ऐरोलीच्या माइंडस्पेस आयटी पार्कच्या भाड्यात रीतसर वाटा मिळू शकतो. शेअर बाजारात नोंदलेल्या ट्रस्टचं एखादं युनिट घेतलं की झालं. तोच माणूस पर्यटक व्हिसावर गोव्यात आला आणि मोरजीला छोटंसं घर घ्यायचं म्हणाला, तर कायदा आडवा येतो. मुंबईलगतची कोट्यवधींची इमारत चालते आणि पेडण्यातलं कौलारू घर चालत नाही, हे विचित्र वाटतं खरं. पण या दोन नियमांची घराणीच वेगळी आहेत. एक नियम जमिनीबद्दलच्या भीतीतून आला, दुसरा भांडवलाच्या गरजेतून.

भीती जुनी आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मराठी राज्याचे रामचंद्रपंत अमात्य यांनी राज्यकारभारावर लिहिलेल्या आज्ञापत्रात टोपीकरांना, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांना, जागा देण्याविषयी स्पष्ट सूचना आहेत. इंग्रज, फिरंगी (पोर्तुगीज), वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच) हेही सावकारी करतात, पण ते इतर सावकारांसारखे नव्हेत. प्रत्येकाच्या पाठीशी एकेक राज्य उभं आहे, असं अमात्य बजावतात. वखारीला जागा द्यावीच लागली तर खाडीच्या तोंडावर किंवा समुद्रकाठी देऊ नये. समुद्रापासून चार-आठ कोस आत, मोठ्या गावांच्या मधे, सखल आणि गावाच्या आटोक्यात राहील अशी जागा द्यावी. पक्क्या इमारती बांधू देऊ नयेत. व्यापार हवा, पण पाय रोवलेले नकोत. पुढच्या तीनशे वर्षांतल्या बहुतेक कायद्यांचं सार इथेच सापडतं, आणि अमात्यांची भाषा आजच्या अधिसूचनांपेक्षा कितीतरी सरळ आहे.

त्यांची धास्ती अनाठायी नव्हती. मुंबई बेट 1668 मध्येच वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेलं होतं. गंमत म्हणजे कंपनीनेही दीर्घकाळ आपल्याच देशबांधवांना इथे मोकळेपणी जमिनी घेऊ दिल्या नाहीत. 1833 च्या सनदी कायद्याने ते दार उघडलं.

स्वातंत्र्यानंतर चिंतेचं रूप बदललं. आता प्रश्न किल्ल्यांचा नव्हता, परकीय चलनाचा होता. परदेशी माणसाने इथे घर घेतलं की त्याचं भाडं आणि पुढे विक्रीची रक्कम डॉलर किंवा पौंडात बाहेर जाणार, आणि तिजोरी तर रिकामी. परकीय चलनावर नियंत्रण ठेवणाऱ्या 1973 च्या फेरा कायद्यातलं कलम 31 या विचारातून आलं. भारताचा नागरिक नसलेल्याला रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीशिवाय इथली स्थावर मालमत्ता घेता येणार नाही, विकता येणार नाही, बक्षीसही देता येणार नाही. कसोटी होती नागरिकत्वाची. दुबईत नोकरी करणाऱ्या, पण भारतीय पासपोर्ट सांभाळून असलेल्या माणसाला हे कलम लागू नव्हतं. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला त्याचा सख्खा भाऊ मात्र परका ठरत होता.

या कलमाचा दंश किती लांबवर पोचतो हे 2021 मध्ये दिसलं. बंगळूरच्या सेंट मार्क्स रोडवरील एका मालमत्तेचा काही भाग परदेशी नागरिक असलेल्या विधवेने 1977 मध्ये परवानगी न घेता बक्षीस दिला होता. तो व्यवहार टिकणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने तब्बल 44 वर्षांनी दिला. तोवर फेरा कायदा रद्द होऊनही वीस वर्षं उलटली होती. जे व्यवहार आधीच अंतिम झाले आहेत ते पुन्हा उकरू नयेत, असंही न्यायालयाने म्हटलं. तरीही जुन्या छावणी भागांतले किंवा गोव्यातले बंगले घेणाऱ्याने साखळीतल्या एखाद्या खरेदीखतावर परदेशी नाव दिसलं तर तेवढ्यावर नजर टाकून पुढे जाऊ नये. मालकीच्या नोंदी तपासणारा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट अशा वेळी अपुरा पडू शकतो.

1 जून 2000 पासून फेराच्या जागी फेमा हा परकीय चलनाचा नवा कायदा आला आणि कसोटीच बदलली. नागरिकत्वाऐवजी निवास महत्त्वाचा झाला. अनिवासी भारतीय आणि मूळचे भारतीय असलेले परदेशी नागरिक यांना घर, दुकान, ऑफिस घेण्याची सर्वसाधारण मुभा मिळाली. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळे मात्र दोघांनाही बंद. पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, अफगाणिस्तान, चीन, इराण, नेपाळ, भूतान अशा काही देशांच्या नागरिकांना, ते भारतात राहत असले तरी, रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. त्यांना विनापरवाना चालतो तो पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा. बाकी देशांचा नागरिक फेमाच्या व्याख्येने भारतात निवासी ठरला, तर त्याला घर घेता येतं.

याच व्याख्येभोवती गोव्यात वादळ झालं. आधीच्या आर्थिक वर्षात 182 दिवसांहून अधिक मुक्काम ही अट अनेकांनी फक्त दिवस मोजून वाचली. हिवाळे गोव्यात काढणाऱ्या युरोपीय आणि रशियन मंडळींनी पेडणे, बार्देस, काणकोण भागांत घरं घेतली. काहींनी इथे कंपनी नोंदवून तिच्या नावावर घेतली. कायदा मात्र मुक्कामाचा हेतूही विचारतो: नोकरी, व्यवसाय, किंवा अनिश्चित काळ राहण्याचा इरादा. पर्यटक व्हिसात यातलं काहीच बसत नाही. गोवा सरकारने नोंदण्या रोखल्या, अंमलबजावणी संचालनालयाच्या चौकशा सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी 2009 मध्ये केंद्राला खुलासा काढून हा मुद्दा स्पष्ट करावा लागला. या प्रकरणात खरेदीदारांवर भरपूर आगपाखड झाली. त्यांना घरं विकणारे दलाल आणि कागद तयार करून देणारे वकील मात्र इथलेच होते.

गोव्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पोर्तुगीज काळातल्या नोंदींच्या आधारे लिस्बनमध्ये जन्म नोंदवून अनेक गोवेकरांनी पोर्तुगालचं नागरिकत्व घेतलं. पासपोर्ट बदलून परदेशी स्थायिक झालं की शेतजमीन खरेदी करण्याचा हक्क जातो. वारशाने आलेली, किंवा भारतात निवासी असताना घेतलेली जमीन ठेवता येते. म्हणजे आजोबांचं भाताचं शेत अशा गोवेकराचं राहतं, पण शेजारचा बांधाला लागून असलेला तुकडा तो घेऊ शकत नाही. 2023 मध्ये गोव्याने भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध आणणारा स्वतःचा कायदाही केला.

महाराष्ट्रात तर ही भिंत परदेशी माणसासाठी बांधलेलीच नव्हती. 1948 च्या कुळकायद्याच्या कलम 63 नुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, मग तो दादरचा असो की डलासचा. न्यू जर्सीतल्या आपल्या माणसाच्या वाट्याला दोन्ही भिंती येतात. सातबाऱ्यावर वडिलांचं नाव आहे, शेतकरी दाखलाही मिळेल, तरी फेमामुळे दापोलीची कलमांची बाग त्याला विकत घेता येत नाही. मग भावाच्या किंवा मेहुण्याच्या नावावर घेऊन ठेवायची, आणि पुढच्या पिढीने कोर्टात भांडायचं. हा प्रकार कोकणात नवा नाही.

आता दुसरं घराणं, भांडवलाच्या गरजेतून आलेलं. मालमत्तेचा तुकडा कागदावर विकत घेणं आपल्याला अपरिचित नाही. मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांमध्ये निम्मं शहर तसंच राहतं. गावदेवीची सारस्वत सोसायटी 1915 ची. अशा संस्थेत जमीन-इमारत संस्थेची, आणि सभासदाकडे पन्नास रुपयांच्या काही भागांचा दाखला असतो. त्या दाखल्याच्या जोरावर कोट्यवधींचे व्यवहार होतात. मात्र तिथे भागाबरोबर राहती जागा मिळते, फक्त भाडं नाही.

जागा न मिळता नुसता वाटा घेण्याचा अनुभव आला तो नव्वदच्या दशकात, सागवानाच्या योजनांतून. अमुक रोपं तुमची, वीस वर्षांनी लाखो रुपये, अशा जाहिराती आठवणारे वाचक अजून असतील. त्यातून 1999 मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी सेबीचे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचे, नियम आले. तरीही पीएसीएल या कंपनीने शेतजमिनीच्या नावाखाली सुमारे 49,100 कोटी रुपये गोळा केले. परत देण्याचा आदेश सेबीने 2014 मध्ये काढला आणि 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्या. लोढा समिती नेमली.

त्याच 2014 मध्ये सेबीने रीटची, म्हणजे गुंतवणूकदारांच्या पैशातून भाड्याच्या इमारती बाळगणाऱ्या ट्रस्टची, नियमावली आणली आणि नोव्हेंबर 2015 मध्ये परदेशी गुंतवणूकदारांना रीटची युनिटं घेण्याची वाट फेमाखाली मोकळी झाली. जमिनीची खरेदी-विक्री करून नफा कमावण्याच्या धंद्यात थेट परकीय गुंतवणूक निषिद्धच राहिली. पण तयार इमारतीचं भाडं मिळवणं त्या व्याख्येत येत नाही, हे स्पष्ट करण्यात आलं. मला हा सगळ्या इतिहासातला कळीचा क्षण वाटतो. बंदी उठवली नाही, तिला वळसा घालणारा रस्ता सरकारनेच आखून दिला. इमारत ट्रस्टच्या कंपनीची, परदेशी माणसाकडे फक्त युनिट. त्याला ना सातबारा, ना ताबा, ना कुंपण. अमात्यांची अट याहून काटेकोरपणे पाळता आली नसती.

पहिला रीट 2019 मध्ये बाजारात नोंदला गेला. सुरुवातीला किमान दोन लाखांची अट होती. ती उतरत 2021 मध्ये दहा-पंधरा हजारांवर आली आणि व्यवहार एका युनिटचाही होऊ लागला. रीटला मात्र किमान 500 कोटींची मालमत्ता लागते. त्याखालच्या इमारतींसाठी वेगळाच बाजार उभा राहिला होता. संकेतस्थळावर एखादं ऑफिस किंवा गोदाम दाखवायचं, त्यासाठी खासगी कंपनी काढायची, आणि दहा ते पंचवीस लाख भरणाऱ्यांना तिचे शेअर आणि डिबेंचर (कर्जरोखे) द्यायचे. खासगी कंपनीत 200 हून अधिक सभासद चालत नाहीत, म्हणून प्रत्येक इमारतीची मोट त्या आकड्याखाली बांधलेली. इमारतीची किंमत कोण ठरवतं, बाहेर पडायचं तर वाटा कोणाला विकायचा, याची उत्तरं त्याच संकेतस्थळाकडे.

मे 2023 मध्ये सेबीने यावर सल्लामसलतीचा मसुदा काढला आणि मार्च 2024 मध्ये लघु व मध्यम रीटचे नियम लागू केले. योजना 50 कोटींपासून 500 कोटींच्या आतली, किमान 200 युनिटधारक, किमान गुंतवणूक दहा लाख, आणि 95 टक्के पैसा पूर्ण झालेल्या, भाडं देणाऱ्या मालमत्तेत. पहिली योजना बंगळूरच्या ऑफिस इमारतीवरची, सुमारे 353 कोटींची. डिसेंबर 2024 मध्ये ती मुंबई शेअर बाजारात नोंदली गेली.

मोकळी जमीन आणि शेतजमीन यांत रीटला पैसा घालता येत नाही. त्यामुळे कर्जत, मुरबाड, दापोलीकडे फार्म प्लॉटचे गुंठे वाटून विकणाऱ्या योजना सेबीच्या या चौकटीत बसत नाहीत. तिथे लागू होतात ते जुनेच कायदे: कुळकायदा, 1947 चा तुकडेबंदी कायदा, आणि विकत घेणारा परदेशात असेल तर फेमा. सातबाऱ्यावर सामाईक नावं चढवून देतो, असं सांगणाऱ्याला ‘माझा मुलगा कॅनडात आहे, त्याचं नाव चढेल का’ एवढं विचारून पाहावं.