आश्रय नाकारला, हद्दपारीची नोटीस आली: फेरतपासणीबद्दल थोडे

नकाराचे पत्र हाती पडले की आधी त्यावरची तारीख आणि अपिलाची मुदत पाहा. ही मुदत अनेक देशांत अगदी थोड्या दिवसांची असते. कागद अपुरे असले तरी थांबू नका, त्याच दिवशी आमच्याकडे, म्हणजे नाकारलेल्या अर्जांची फेरतपासणी करणाऱ्यांकडे, या. कागद मागाहून जोडता येतात, हुकलेली मुदत मात्र सहजासहजी मिळत नाही. पत्राचा लिफाफाही जपून ठेवा. पत्र कधी आले यावर वाद झालाच तर टपालाचा शिक्का कामी येतो.

फेरविचाराचा अर्ज दिला म्हणजे हद्दपारी थांबली, असे समजू नका. पुष्कळ ठिकाणी स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती मिळेपर्यंत आदेश लागूच असतो.

आमचे खरे काम सुरू होते ते फाइल वाचण्यापासून. नकारपत्रातला एकेक आक्षेप घ्यायचा आणि मुलाखतीच्या लेखी नोंदीशी ताडून पाहायचा. ‘जबाबात विसंगती आहे’ हा नेहमीचा आक्षेप, पण त्यातल्या काही विसंगती अर्जदाराच्या नसतातच. इथिओपियाचे वर्ष १३ महिन्यांचे असते आणि ते इंग्रजी कॅलेंडरच्या ७-८ वर्षे मागे चालते. इराणमध्ये नवे वर्ष मार्चमध्ये लागते. तारीख बदलून लिहिताना एका वर्षाची गल्लत झाली, की कागदावर माणूस अटकेच्या आधीच सुटलेला दिसतो, नाहीतर १७ वर्षांचा मुलगा सज्ञान ठरतो. म्हणून तारीख घरी ज्या पद्धतीने सांगता तशीच आम्हाला सांगा. हिशेब आम्ही करू.

छळ सोसलेल्या माणसाला घटनांचा क्रम नीट सांगता येत नाही, यात खोटेपणा नसतो. अशा वेळी डॉक्टरांचा अहवाल फार मोलाचा ठरतो. छळाच्या खुणा कशा तपासाव्यात आणि नोंदवाव्यात यासाठी संयुक्त राष्ट्रांची ‘इस्तंबूल प्रोटोकॉल’ ही मार्गदर्शिका आहे. तिच्या आधारे अहवाल देणारे डॉक्टर शोधायला आम्ही मदत करतो.

नवा पुरावा देताना तो आधी का दिला नाही, हेही सांगावे लागते. देश सोडल्यानंतर तिथली परिस्थिती बिघडली असेल, घरच्यांना धमक्या आल्या असतील, तर तेही सांगा. धोका आज आहे का, हा प्रश्न महत्त्वाचा असतो.

१९५१ च्या निर्वासित कराराचे कलम ३३ धोक्याच्या ठिकाणी परत पाठवायला मनाई करते, पण त्याला काही अपवाद आहेत. १९८४ च्या छळविरोधी कराराचे कलम ३ छळाचा धोका असलेल्या देशात परत पाठवायला मनाई करते, आणि त्याला अपवादच नाही. देशातले सगळे मार्ग संपले आणि त्या देशाने वैयक्तिक तक्रारींची तरतूद मान्य केलेली असली, तर संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीकडे जाता येते. निकाल होईपर्यंत परत पाठवू नका, अशी विनंती समिती सरकारला करू शकते.

फाइलमध्ये दम नसेल तर आम्ही तसे स्पष्ट सांगतो. घाबरलेल्या माणसाला खोटी आशा दाखवून फी घेणे आम्हाला मान्य नाही. कोणी बनावट कागद करून देतो म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका; एक खोटा कागद सापडला की खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

‘स्वेच्छेने परत जातो’ अशा मजकुरावर न समजता सही करू नका. आणि कागदपत्रांसाठी स्वतःच्या देशाच्या वकिलातीत जाण्याआधी आम्हाला विचारा. तुम्ही कुठे आहात हे तिथे कळते, आणि तुम्हाला भीती नाही असा अर्थही त्यातून काढला जाऊ शकतो.